आकार बदलणारा पंख: आधी कातडी, मग हवा

(बेळगावातील व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

हत्तरगीच्या सेझमध्ये विमानांचे सुटे भाग बनतात, याचं आपल्याकडे आता कुणाला अप्रूप राहिलेलं नाही. समोर उद्यमबागेतल्या कारखान्यांची मंडळी दिसताहेत, त्यांना टॉलरन्स, म्हणजे मापात किती फरक चालतो ते, मी शिकवायला नको. मी बोलणार आहे तो उडता उडता आकार बदलणाऱ्या पंखाबद्दल, आणि तो आकार संगणकावर कसा शोधतात त्याबद्दल.

पंख उभा कापला की दिसतो तो छेद म्हणजे एअरफॉइल. तो ठरावीक वेग आणि वजन डोळ्यांपुढे ठेवून आखतात. पण वाटेत इंधन जळतं, विमान हलकं होतं, तितकी उचल लागत नाही; छेद मात्र तोच राहतो. त्याचा बाक कमीजास्त करता आला, तर हवेचा रोध वाचतो. कल्पना जुनीच. राइट बंधू १९०३ मध्ये पंख पिळूनच विमान सावरत होते. बोइंग ७८७ आजही प्रवासात मागचे फ्लॅप, म्हणजे पंखाच्या मागच्या कडेच्या हलत्या फळ्या, किंचित हलवून बाक बदलतं, पण तिथे बिजागऱ्या आल्या, फटी आल्या. बिनफटीची, सलग वाकणारी कड नासाने २०१४ पासून गल्फस्ट्रीम विमानावर उडवून पाहिली, उणे २ ते ३० अंशांपर्यंत. अर्थात कोन जमिनीवरच पक्का करून मग उड्डाण.

आता गणित. छेदाचा आकार वीसएक आकड्यांत बांधायचा. एखादा आकडा हलवला की पाठीवर कुठेतरी छोटा उंचवटा येतो. मग रोध मोजायचा. एमआयटीच्या मार्क ड्रेला यांचा एक्सफॉइल हा प्रोग्राम ते काही सेकंदांत करतो आणि तो फुकट आहे. विद्यार्थ्यांनो, आज रात्रीच उतरवून घ्या. मात्र हवा पाठीवरून सुटायला लागली, किंवा वेग ध्वनीच्या जवळ गेला, की त्याच्या उत्तरावर विसंबू नका. तिथे नाव्हिए-स्टोक्स, म्हणजे प्रवाहाची मूळ समीकरणं सोडवावी लागतात आणि एकेका आकाराला तास जातात. वीस आकडे एकेक करून हलवायचे, तर मूळ धरून एकवीस वेळा तेच दळण. अँटनी जेम्सन यांनी १९८८ मध्ये विमानाच्या आकारासाठी ॲडजॉइंट पद्धत मांडली ती इथे कामाला येते: प्रवाह एकदा सोडवा, त्याचं जोडगणित एकदा सोडवा, सगळ्या आकड्यांचे उतार, म्हणजे कुठला आकडा हलवला तर रोध किती बदलेल ते, एकदम हातात. आकडे वीस असोत की दोनशे, खर्च जवळपास तेवढाच. मला विचाराल तर या विषयातली सगळ्यात देखणी गोष्ट हीच.

पण संगणक मोठा लबाड. त्याला एकच वेग दिलात तर तो त्या वेगापुरता छेद घासूनपुसून देईल आणि जरा पलीकडे गेलात की रोध भडकेल. म्हणून चारपाच परिस्थिती एकत्र द्यायच्या. त्याहून मोठी लबाडी कातडीची, म्हणजे पंखावरच्या आवरणाची. बाक वाढवला की वरची बाजू लांबायला हवी, खालची आखडायला हवी. संगणक खुशाल लांबवतो. ॲल्युमिनियमचा पत्रा मात्र एक टक्काही ताणलात तरी मूळ लांबीवर परत येत नाही. म्हणजे पडद्यावर सुंदर दिसणारा छेद तुमच्या कारखान्यात बनणारच नाही.

माझं म्हणणं असं, की कातडीची लांबी ही अट पहिल्या दिवसापासून गणितात घाला. उत्तर आल्यावर ठोकपीट नको. पंख वाकवणाऱ्या मोटरचं वजन आणि तिला लागणारी ऊर्जाही रोधाच्या हिशेबात धरा, नाहीतर वाचवलेलं इंधन तीच खाईल. कातडी एका दिशेने मऊ आणि दुसऱ्या दिशेने ताठ हवी. गोठ्यावरचा पन्हळी पत्रा पाहा: पन्हळींच्या आडवा सहज वाकतो, लांबीत वाकत नाही. संशोधक नेमकी तशीच कातडी करून पाहताहेत. वरून गुळगुळीत रबरी आवरण, नाहीतर पन्हळीच रोध वाढवतात.

एका श्रोत्याने विचारलं, मग सांबऱ्याच्या विमानतळावर उतरणाऱ्या विमानाला असा पंख का नाही? कारण हजारो वेळा वाकून ती कातडी टिकते, बर्फ साचला तरी अडकत नाही, चिरली तर वेळेत कळते, हे आधी सिद्ध करावं लागतं. शिवाय मोटर मध्येच बंद पडली, तर पंख ज्या आकारात अडकेल त्या आकारात विमान सुखरूप उतरलं पाहिजे. तीही अट गणितात घालता येते. मग उत्तर थोडं कमी देखणं येतं, एवढंच.