६ जानेवारी: एकाच तारखेचे निरनिराळे सण

नमस्कार. ६ जानेवारीच्या सकाळी स्पेनमधली मुले तीन राजांनी रात्री आणून ठेवलेल्या भेटवस्तू उघडतात, ग्रीसमध्ये धर्मगुरूने समुद्रात टाकलेला क्रूस मिळवण्यासाठी तरुण गार पाण्यात उड्या घेतात, आर्मेनियात येशूचा जन्मोत्सव चालू असतो आणि सर्बियात मात्र नाताळ दुसऱ्या दिवशी असल्यामुळे संध्याकाळी ओकची फांदी पेटवली जाते. धर्म एकच असताना असे का?

चौथ्या शतकापर्यंत पूर्वेकडचे अनेक ख्रिस्ती समाज येशूचा जन्म आणि बाप्तिस्मा ६ जानेवारीलाच साजरा करीत. रोममध्ये जन्मोत्सवाची तारीख २५ डिसेंबर होती. पुढे पूर्वेनेही रोमची तारीख घेतली. मग ६ जानेवारीला पूर्वेकडे बाप्तिस्म्याचा सण राहिला, तर पश्चिमेकडे ताऱ्याचा माग काढत बाळ येशूच्या दर्शनाला आलेल्या ज्ञानी पुरुषांचा; स्पेनमधल्या मुलांचे तीन राजे ते हेच. आर्मेनियन चर्चने जुनी रीत सोडलीच नाही. बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानात हे ज्ञानी तीन होते असे कुठेही म्हटलेले नाही, ते राजे असल्याचाही उल्लेख नाही. सोने, ऊद आणि गंधरस अशा भेटी तीन, म्हणून माणसेही तीन धरली गेली.

पोर्तुगिजांबरोबर हे राजे गोव्यात आले. बार्देशातल्या रेइश मागूशच्या चर्चला त्यांचेच नाव आहे. कासावलीच्या फेस्ताला, म्हणजे चर्चच्या सणाला, कासावली, आरोशी आणि कुएली या गावांतले तीन मुलगे राजांच्या वेषात घोड्यांवर बसून वेगवेगळ्या वाटांनी टेकडीवरच्या कपेलाकडे, म्हणजे छोट्या प्रार्थनामंदिराकडे, जातात.

सर्बियाचे कारण वेगळे, ते कालगणनेचे आहे. १५८२ मध्ये पोप तेराव्या ग्रेगरींनी ४ ऑक्टोबरनंतर थेट १५ ऑक्टोबर मोजायला लावले; आज आपण वापरतो ती कालगणना हीच. सर्बियन आणि रशियन चर्च आजही जुनी जुलियन गणना पाळतात, जी सध्या तेरा दिवस मागे आहे. त्यामुळे त्यांचा २४ डिसेंबर आपल्या ६ जानेवारीला येतो. दाते आणि टिळक पंचांगांचा अधिक मास एखाद्या वर्षी जुळला नाही की घरोघरी होणारा घोळ ज्यांनी पाहिला आहे, त्यांना हे नवे वाटू नये. जेरुसलेममधले आर्मेनियन तर ६ जानेवारीचा सण जुलियन गणनेने धरतात आणि तो १९ जानेवारीला पडतो.

हे अंतरही कायमचे नाही, ते हळूहळू वाढते. २१०० मध्ये ते चौदा दिवसांचे होईल आणि तोवर जुनी गणना टिकली, तर २१०१ पासून सर्बियातली ती फांदी ७ जानेवारीला पेटवावी लागेल.