ड्रिल सोडून हातमोजे

श्रोतेहो, नमस्कार.

4 मार्चला राष्ट्रीय सुरक्षा दिन झाला. 1966 साली याच तारखेला राष्ट्रीय सुरक्षा परिषद स्थापन झाली, म्हणून ही तारीख. कारखान्यांच्या फाटकांवर झेंडे लागले, हात पुढे करून शपथा झाल्या, घोषवाक्य स्पर्धेत कुणाला तरी स्टीलचा डबा मिळाला. बक्षीस म्हणून डबाच का देतात, हे मला 31 वर्षांच्या नोकरीत कळलं नाही. माझ्या घरी सात आहेत.

मी वाळूजला एका कारखान्यात मेंटेनन्स फिटर होतो. मशीन बंद पडलं की ज्याच्या नावानं हाक येते, तो माणूस. आपल्याकडचा उन्हाळा तुम्हाला सांगायला नको. दुपारी पत्र्याच्या शेडमध्ये माणूस कसाबसा तगतो, पण इलेक्ट्रिक पॅनलमधला, मोटर चालवणारा ड्राइव्ह तापला की ट्रिप, म्हणजे मशीन आपोआप बंद. मग काय करतात? पॅनलचं दार सताड उघडं आणि समोर टेबल फॅन. दारावर लाल अक्षरात लिहिलेलं असतं, ‘धोका, दार उघडू नये’. ती पाटी उघड्या दारामागं भिंतीकडं तोंड करून उभी. सेफ्टीवाला म्हणतो दार लावा, प्रोडक्शनवाला म्हणतो मशीन थांबलं तर बघा. आणि पाना माझ्या हातात.

पण आज मला पॅनलचं नाही, हातमोज्यांचं सांगायचं आहे.

आमच्या शॉपमध्ये, म्हणजे कारखान्याच्या कामाच्या शेडमध्ये, ड्रिल मशीनवर एक मामा होते. मामा म्हणजे सगळ्यांचेच मामा. पैठणकडचे, थोडी शेती, रोज कंपनीच्या बसनं येणारे. वीस-बावीस वर्षं एकाच ड्रिलवर. भोक पाडताना नुसत्या आवाजावरून सांगायचे, बिट बोथट झालंय.

एका साली शॉपमध्ये दोन-तीन पोरांचे हात कापले. जॉब म्हणजे मशीनवर लावायचा धातूचा तुकडा; त्याच्या कडेला जी धार राहते, तिला आम्ही बर म्हणतो. ती ब्लेडसारखी असते. झालं, फाटकावर बोर्ड लागला: ‘हातमोज्यांशिवाय शॉपमध्ये काम करू नये.’ बरोबरच होतं. पण मामांच्या ड्रिलवर, बनवणाऱ्यानंच ठोकलेली पत्र्याची पट्टी होती: ‘हातमोजे घालून मशीन चालवू नये.’ तेही बरोबरच. फिरत्या बिटाला मोज्याचा एक धागा लागला, की ते मोजा ओढतं, मोज्याबरोबर बोट आणि बोटामागं हात. उघड्या बोटाला खरचटेल, पण ते निसटायची आशा तरी असते. मोज्यातलं निसटत नाही. परत सांगतो, फिरत्या यंत्रावर मोजा नको.

(ती पट्टी इंग्रजीत होती, हे जाता जाता. आपल्या माणसाची बोटं वाचवायची सूचना आपल्या माणसाला न कळणाऱ्या भाषेत लिहायची, ही कुठली रीत? मामांना तिचा अर्थ मी सांगितला होता.)

सोमवारी सेफ्टीच्या साहेबांनी मामांना मोजे घातलेलं पाहिलं. मेमो. गुरुवारी मॅनेजर साहेबांनी मामांना मोज्याविना पाहिलं. मेमो. मामांनी दोन्ही मेमो चुंबकानं ड्रिलच्या खांबाला शेजारीशेजारी चिकटवले आणि शुक्रवारपासून दोन्ही पाळायला लागले.

कसे? मोजे घालायचे, जॉब उचलायचा, फिक्स्चरमध्ये, म्हणजे तो धरून ठेवणाऱ्या पकडीत, बसवायचा. मोजे काढायचे, घडी करून बाकावर ठेवायचे. मशीन चालू, भोक पाडायचं, मशीन बंद. बिट पूर्ण थांबेपर्यंत हाताची घडी. मग मोजे घालायचे, जॉब काढायचा, ट्रेमध्ये ठेवायचा. मोजे काढायचे, घाम पुसायचा. पुन्हा मोजे घालायचे, पुढचा जॉब.

पाळीला तीनशे जॉब निघायचे, तिथं शंभरसुद्धा होईनात. पुढची लाइन रिकामी बसली. सुपरवायझर धावत आला, “मामा, हे काय करायलात?”

“काही नाही, साहेब. सोमवार आणि गुरुवार, दोन्ही पाळायलोय.”

शनिवारी तिसरा मेमो आला. उत्पादन कमी दिल्याबद्दल. मामांनी तोही चुंबकाला लावला. शेजारी जागा ठेवली होती त्यांनी.

मग मात्र मीटिंग झाली. मलाही बोलावलं होतं, कोपऱ्यात उभा. चहा आला, बिस्किटं आली. कारखान्यात चहा फक्त मीटिंगलाच चांगला का होतो, हा एक वेगळा विषय आहे. दीड तासानं ठरलं काय, तर फाटकावरच्या बोर्डात सुधारणा करायची, ड्रिलला वगळायचं. पेंटर आला, बोर्डावर होती तेवढ्या जागेत त्यानं लिहून टाकलं:

‘ड्रिल सोडून हातमोजे घालावेत.’

दुसऱ्या दिवशी सकाळी मामा फाटकापाशी उभे राहून पाटी दोनदा वाचून आत गेले. ड्रिल चालू केलं. जॉब लावला. आणि चालू ड्रिल तसंच सोडून शांतपणे स्टोअरकडं मोजे आणायला निघाले.

सुपरवायझर ओरडला, “मामा! मशीन चालू आहे!”

मामा म्हणाले, “तुमचीच पाटी हाय ना? ड्रिल सोडून, हातमोजे घालावेत. सोडलं ड्रिल. आता मोजे घालायलोय.”

त्या दिवशी अख्खं शॉप हसलं, मॅनेजर साहेबसुद्धा. माझं काम एवढंच की पुढच्या रविवारी मी फिक्स्चर बदललं. जॉब कडेनं धरावाच लागू नये असा सरकता ट्रे केला, कीस काढायला लांब दांड्याचा ब्रश टांगला. धारेला हात लागेना, मग मोज्याचं कारणच उरलं नाही. खर्च दोन हजारांच्या आत. मेमोंचा कागद वेगळा.

कायद्याचं म्हणाल तर 1948 च्या कारखाने अधिनियमातच लिहिलेलं होतं, की चालत्या यंत्राला तेलपाणी करायचं तर शिकलेल्या प्रौढ पुरुष कामगारानंच, तेही अंगाला घट्ट बसणारे कपडे घालून, आणि ते कपडे मालकानं द्यायचे. भीती तीच, सैल कापड फिरत्या शाफ्टला लागायची. मोजा म्हणजे हाताचं सैल कापडच.

आता शेतकरी श्रोत्यांसाठी, थोडक्यात. सोयाबीन असो, तूर असो, ज्वारी असो, मळणी यंत्र आणि ड्रिल यांच्यात मला फार फरक दिसत नाही. केंद्र सरकारनं धोकादायक यंत्रांच्या नियमनाचा कायदा 1983 साली केला, तो मुळात याच मळणी यंत्रासाठी. पेंढी आत सारताना उपरणं खांद्यावर नको, पदर कमरेला खोचलेला हवा, बाहीचं बटण लावलेलं हवं. धूळ लागते म्हणून तोंडाला रुमाल बांधा, पण त्याची टोकं लोंबू देऊ नका. आणि मोजा? मोजा नको. काटे टोचतात, मान्य. पेंढी लांबून सारा, तोंडाजवळ हात नेऊ नका. अडकलं तर आधी यंत्र बंद, ते पूर्ण थांबलं, मगच हात. परत सांगतो: आधी बंद, मग थांबलं, मग हात.

मामा निवृत्त झाले त्याला बरीच वर्षं झाली. मागच्या महिन्यात पैठणला गेलो होतो, तर मोसंबीच्या बागेत छाटणी चालली होती. हातात कंपनीचे तेच पिवळे मोजे, बोटांपाशी फाटलेले. म्हणाले, “फिटर साहेब, स्टोअरमध्ये ओळख असंल तर एक जोडी बघा की.”