स्क्रू फिरवायच्या आधी हवा शोधा

राम राम मंडळी, जळगाव, धुळे, नंदुरबार, जिथून कुठून ऐकताय त्या सगळ्यांना. आज बोलू या जुन्या कार्बुरेटरवाल्या, म्हणजे पेट्रोल नि हवा मिसळणारा भाग असलेल्या पेट्रोल गाड्यांबद्दल, मारुती 800, ओम्नी, आपल्याकडे अजून कितीतरी घरात जपून ठेवल्यात. गाडी स्लोवर, म्हणजे रेस न देता, उभी असली की इंजिन वरखाली होतं, मधेच बंद पडतं आणि रेस दिली की बरी चालते. असं झालं की लोक लगेच कार्बुरेटरचा स्क्रू फिरवायला घेतात. कळकळीने सांगतो, थांबा. आधी गाडी कुठून फालतू एअर ओढतेय ते बघा.

आता बघा, एक किलो पेट्रोल नीट जळायला साधारण 14.7 किलो हवा लागते. स्लोवर थ्रॉटल, म्हणजे रेस दिल्यावर उघडणारी हवेची झडप, जवळपास बंद असतो म्हणून मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे इंजिनात हवा-पेट्रोल नेणाऱ्या नळ्यांत, ओढ जबरदस्त असते, चांगल्या इंजिनला पाऱ्याचे 17 ते 21 इंच, मग बारीक भेगेतूनही हवा शिरते नि पेट्रोल कमी पडतं. रेस दिल्यावर आत एवढी हवा जाते की ही चोरटी हवा कळत पण नाही.

थोडा चोक, म्हणजे हवा कमी करणारी झडप, ओढून बघा. इंजिन सुधारलं तर हवा जास्त जातेय, किंवा स्लो जेटमध्ये, म्हणजे स्लोवर पेट्रोल देणाऱ्या बारीक भोकात, कचरा आहे.

मग मॅनिफोल्डला जोडलेले हवेचे रबरी पाइप. आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 च्या पुढे जातो, त्यात बॉनेटखालची गरमी, रबर पार कडक होऊन जातं. वरून पाइप एकदम चांगला दिसेल, पण नळीवर चढवलेलं टोक जरा वाकवून बघा, तिथे भेग उघडते. तेवढं टोक कापून पाइप पुरत असेल तर परत चढवा, नाहीतर नवाच टाका, टेप गुंडाळू नका. इंजिन चालू ठेवून एकेक पाइप पकडीने हळूच दाबा. जो दाबल्यावर आवाज सुधारला, त्याच पाइपावर नाहीतर तो जिथे जातो तिथे गळती आहे.

आता राहिलं कार्बुरेटरखालचं आणि मॅनिफोल्डचं पॅकिंग, तिथे साबणाचं पाणी थोडं थोडं मारा. पंक्चरसारखे बुडबुडे येणार नाहीत बरं का, इथे हवा बाहेर येत नाही, आत ओढली जाते, म्हणून फेस आत जातो आणि इंजिनचा आवाज बदलतो, कान तिकडे ठेवा. काही जण पेट्रोल शिंपडतात, ते अजिबात करू नका, सायलेन्सरचा मॅनिफोल्ड तापलेला असतो, भडका उडेल.

आणि ब्रेकला बूस्टर, म्हणजे इंजिनच्या ह्याच ओढीवर पेडलला जोर देणारा डबा, असेल तर एवढं कराच. इंजिन बंद करा, पेडल चार-पाच वेळा मारा, मग पाय दाबून धरून गाडी चालू करा, पेडल थोडं खाली गेलं पाहिजे. दगडासारखं घट्टच राहिलं तर बूस्टरचा पाइप आणि त्याचा व्हॉल्व्ह तपासून घ्या, आणि तोवर ती गाडी कन्नड घाटात घालू नका.