ग्रीन गाठायचं की अलीकडे थांबायचं?

[दृश्य: ऑगस्टा नॅशनल, तेरावं होल. डावीकडे वळत जाणारा फेअरवे (कापलेल्या गवताचा पट्टा), ग्रीनच्या (झेंडा आणि भोक असलेल्या हिरवळीच्या) पुढ्यात ओढा.]

निवेदन:

अमेरिकेत जॉर्जिया राज्यातलं ऑगस्टा नॅशनल हे गोल्फचं मैदान. दर एप्रिलमध्ये मास्टर्स स्पर्धा इथेच रंगते. इथलं तेरावं होल, म्हणजे पहिल्या फटक्यापासून भोकापर्यंतचा तेरावा टप्पा, पूर्वी 510 यार्डांचं होतं. 2023 मध्ये टी, म्हणजे पहिला फटका मारायची जागा, मागे सरकवला आणि ते 545 यार्डांचं झालं. पंधरावं होल 2022 पासून 550 यार्डांचं आहे. दोन्ही होल पार-5, म्हणजे पाच फटक्यांत संपवायची: तीन फटक्यांत ग्रीन आणि तिथून भोकात घालायला दोन हलके फटके, असा हिशेब. पण टीवरून फटका लांब आणि सरळ बसला की दुसऱ्याच फटक्यात ग्रीन आवाक्यात येतं. मध्ये असतं फक्त पाणी.

मग हातात कोणती काठी घ्यायची? लांब मारून थेट ग्रीनवर जायचं, की ले-अप करायचा, म्हणजे चेंडू पाण्याच्या अलीकडे ठेवून तिसरा फटका वेजने, म्हणजे चेंडू उंच उडवून जवळ टाकणाऱ्या काठीने, मारायचा?

बघणारे याला धाडस आणि भित्रेपणा अशी नावं देतात. खेळणाऱ्याला ही नावं काही उपयोगाची नाहीत. त्याच्यापुढे दोन फटके असतात. त्यातल्या प्रत्येकाने चेंडू कुठे कुठे पडू शकतो आणि तिथून होल संपवायला आणखी किती फटके लागतील, एवढंच त्याला बघायचं असतं.

[दृश्य: 2007 चा स्कोअरबोर्ड.]

2007 ची मास्टर्स घ्या. थंडी, वारा आणि टणक ग्रीन यांमुळे त्या वर्षी भल्याभल्यांचे स्कोअर वर गेले. जिंकलेल्या झॅक जॉन्सनचा एकूण स्कोअरसुद्धा पारपेक्षा एकाने जास्त, 289 होता. चार दिवसांत त्याच्या वाट्याला सोळा पार-5 आले आणि सोळाच्या सोळा ठिकाणी त्याने ले-अप केला. त्या सोळा होलांवर मिळून तो पारच्या 11 खाली राहिला. जॉन्सन लांब मारणारा खेळाडू नव्हता, पण त्याची वेज अचूक होती. दुसऱ्या फटक्यात ग्रीन गाठायला त्याला ताकद पणाला लावावी लागली असती. तिसरा फटका मात्र त्याच्या हातातला होता.

आता 13 एप्रिल 2025, शेवटचा दिवस. रोरी मॅकिलरॉय आघाडीवर होता. तेराव्या होलवर त्याने शहाणपणाचा मानला जाणारा मार्ग घेतला आणि ले-अप केला. तिसऱ्या फटक्याला शंभर यार्डांहून कमी अंतर उरलं होतं आणि हातात वेज होती. तो चेंडू उजवीकडे गेला आणि ओढ्यात गेला. डबल बोगी, म्हणजे पारपेक्षा दोन फटके जास्त. पुढच्या होलवर आणखी एक फटका गेला. मग पंधराव्यावर दोनशे यार्डांहून जास्त अंतरावरून त्याने 7 आयर्न ही मध्यम अंतराची काठी काढली, झाडांना वळसा घालून चेंडू सरळ ग्रीनवर उतरवला आणि बर्डी (पारपेक्षा एक फटका कमी) घेतली. शेवटी बरोबरी झाल्यावर प्लेऑफमध्ये जस्टिन रोझला हरवून तो जिंकला.

एकाच दुपारी ले-अप अंगाशी आला आणि लांब फटका तारून गेला. यातून ले-अप चुकीचा ठरत नाही. ले-अपनंतरचा फटकासुद्धा मारावाच लागतो, आणि पाणी अजून समोरच असतं, हे मात्र दिसतं. पंधराव्यावर तर थांबायची जागाच उतारावर आहे. उतारावरच्या चेंडूला वेजने उंची देणं अवघड जातं. ग्रीन उथळ आहे, पुढचा काठ बारीक कापलेला आहे, त्यामुळे थोडा आखूड पडलेला किंवा जास्त स्पिन झालेला चेंडू घरंगळत तळ्यात येतो. 2018 मध्ये आदल्या वर्षीचा विजेता सर्जिओ गार्सिया याने याच होलवर 13 फटके घेतले. पाच चेंडू पाण्यात गेले. त्यांतला पहिलाच लांबून मारलेला होता, उरलेले चार वेजचे होते.

[दृश्य: यार्डेज बुक, पेन्सिल. पडद्यावर आकडे उमटतात.]

हिशेब करून बघू. कोलंबिया विद्यापीठातले प्राध्यापक मार्क ब्रॉडी यांनी पीजीए टूर या अमेरिकेतल्या व्यावसायिक स्पर्धांच्या नोंदींवरून, कुठून होल संपवायला सरासरी किती फटके लागतात, याचे आकडे काढले. फेअरवेवर 100 यार्डांवरून 2.80. रफमध्ये, म्हणजे कडेच्या लांब गवतात, त्याच अंतरावरून 3.02. फेअरवेवर 40 यार्डांवरून 2.60. रफमध्ये 20 यार्डांवरून 2.59.

समजा, ग्रीन 225 यार्डांवर आहे. ले-अप करून 100 यार्ड ठेवले, तर हा एक फटका आणि पुढचे 2.80, मिळून 3.80. थेट गेलो आणि चेंडू पाण्यात पडला, तर एक फटका, एक पेनल्टी आणि ड्रॉप करून (चेंडू हाताने खाली टाकून) पुन्हा साधारण 100 यार्डांवरून 2.80, मिळून 4.80. म्हणजे ले-अपपेक्षा बरोबर एक फटका जास्त. थेट गेलो आणि पाणी पार झालं, तर कधी चेंडू ग्रीनवर असेल, कधी बाजूच्या रफमध्ये. सगळं धरून सरासरी 3.40 मानू. म्हणजे ले-अपपेक्षा 0.40 ने कमी.

आता असे सात चेंडू मारा. दोन पाण्यात गेले, तर दोन फटके गमावले. पाच पार झाले, तर पाच गुणिले 0.40, म्हणजे दोन फटके कमावले. इथे दोन्ही पारडी सारखी. सातांपैकी तीन पाण्यात जाणार असतील तर थांबा, एकच जाणार असेल तर जा.

हे आकडे व्यावसायिक खेळाडूंचे आहेत. क्लबमध्ये खेळणाऱ्याची गल्लत सहसा गणितात होत नाही, आपल्या अंतरात होते. 3 वूड, म्हणजे लांब मारायची काठी, किती जातं असं विचारलं, की आयुष्यात सगळ्यात छान बसलेला फटका आठवतो, आणि त्यातही घरंगळलेलं अंतर धरलेलं असतं. पाणी पार करायला कॅरी लागते, म्हणजे चेंडू हवेतून जितका जातो तेवढंच अंतर. ते रेंजवर, म्हणजे सरावाच्या मैदानावर, मोजा. चेंडू टीच्या खुंटीवर न ठेवता जमिनीवरून दहा फटके मारा आणि किती चेंडू हवेतून ते अंतर ओलांडतात ते मोजा. बिघडलेले फटकेसुद्धा त्या दहांतच धरायचे.

अंतर मोजणाऱ्या रेंजफाइंडरचीही एक खोड आहे. तो झेंडा दाखवतो, पाण्याचा पलीकडचा काठ दाखवत नाही. झेंडा मागच्या बाजूला असेल तर त्याचा आकडा इथे कामाचाच नाही. आधी काठाचं अंतर घ्या, वर पाचेक यार्ड धरा. तेवढी कॅरी नेहमीच्या फटक्यात होत असेल, तरच पुढचा विचार.

मग चेंडूची बैठक बघा. ऑगस्टाच्या तेराव्यावर उजव्या हाताने खेळणाऱ्याचा चेंडू पायांपेक्षा वर असतो आणि अशा बैठकीवरून तो डावीकडे ओढला जातो. पाय उतारावर असतील तर फटका खाली निघतो. रफमध्ये चेंडू अर्धा बुडाला असेल तर 3 वूड पिशवीतच राहू द्या, गवत काठीचं तोंड फिरवतं. पावसाळ्यात चेंबूरला किंवा येरवड्याला खेळणाऱ्यांना आणखी एक माहीत असतं. ओल्या फेअरवेवर चेंडू घरंगळत नाही, त्यामुळे टीवरूनच दहा-पंधरा यार्ड कमी मिळतात आणि दुसऱ्या फटक्याचं अंतर वाढतं.

[दृश्य: खेळाडू आणि कॅडी (काठ्या सांभाळणारा मदतनीस). कॅडी पाण्याच्या अलीकडच्या काठाकडे हात करतो.]

थांबायचं ठरलं, तर नीट थांबा. सगळ्यात वाईट ले-अप म्हणजे पाण्यात गेलेला ले-अप, आणि तो हमखास काठी जास्त घेतल्यामुळे होतो. पाणी 185 यार्डांवर सुरू होत असेल, तर तुमचा सर्वांत छान बसलेला फटका, घरंगळून, 170 च्या आत थांबेल अशी काठी घ्या. 6 आयर्नने हवेत 155 आणि जमिनीवर 12 जात असेल, तर ती चालेल. त्याहून लांब जाणारी हायब्रिड नको.

बऱ्याच जणांना नेमके 100 यार्ड उरवायला आवडतं, कारण तिथून पूर्ण वेज मारता येते. आकडे याला दुजोरा देत नाहीत. मोकळ्या फेअरवेवर 40 यार्ड उरवणं 100 पेक्षा बरं, 2.60 विरुद्ध 2.80. मात्र वाटेत बंकर असेल तर चित्र उलटतं. 60 यार्डांवरच्या वाळूतून व्यावसायिकांनाही सरासरी 3.15 फटके लागतात. त्या बंकरच्या अलीकडेच थांबलेलं बरं. जवळ जाताना रफ लागणार असेल, तरी तेच. आणि झेंडा ज्या बाजूला असेल त्याच्या विरुद्ध बाजूने या, म्हणजे चेंडू उतरवायला ग्रीन जास्त मिळतं.

पाण्यात गेलाच, तर खुंट्यांचा रंग बघा. पिवळ्या असतील तर जिथून मारला तिथे परत जा, किंवा चेंडू पाण्याच्या हद्दीत शिरला त्या बिंदूच्या आणि झेंड्याच्या रेषेत मागे ड्रॉप घ्या. लाल असतील तर त्या बिंदूपासून दोन काठ्यांच्या अंतरात, होलच्या जवळ न जाता, ड्रॉप घ्यायची तिसरी सोयही मिळते. प्रत्येक वेळी पेनल्टी एकच. पांढऱ्या खुंट्यांबाहेरच्या हद्दीला, आउट ऑफ बाउंड्सला, यांतला रेषेचा किंवा बाजूचा ड्रॉप नसतो. म्हणून एका बाजूला पांढऱ्या खुंट्या असतील, तर सातांतल्या दोनांचा हिशेब लगेच कडक करा.

[दृश्य: पंधराव्या होलचं तळं, पलीकडे ग्रीन.]

स्पर्धेची स्थितीही बघावी लागते. 1993 च्या मास्टर्समध्ये चिप बेक शेवटच्या दिवशी पंधराव्यावर आला, तेव्हा तो बर्नहार्ड लांगरच्या तीन फटके मागे होता. पाणी पार करायला सुमारे 236 यार्ड होते. त्याने ले-अप केला आणि शेवटी लांगर चार फटक्यांनी जिंकला. त्या निर्णयावर आजही टीका होते. एरवी इतक्या लांबून थांबणं योग्यच. पण चार होल उरलेले आणि तीन फटके भरून काढायचे असताना सरासरी सांभाळून भागत नाही, तिथे ईगलची (पारपेक्षा दोन फटके कमी) शक्यता विकत घ्यावी लागते.

स्टेबलफर्ड या गुणांवर खेळल्या जाणाऱ्या प्रकारातही थोडी मोकळीक असते. एका होलवर वाईटात वाईट शून्य गुण मिळतात, पुढे नुकसान वाढत नाही. मॅच प्लेमध्ये, म्हणजे होलागणिक समोरच्याशी थेट लढतीत, कधी कधी आधी समोरच्याचा फटका बघायला मिळतो. त्याचा चेंडू तळ्यात गेला असेल, तर ग्रीन कितीही जवळ दिसो, 7 आयर्न काढा आणि चेंडू फेअरवेच्या मधोमध ठेवा.