चार किलोमीटरला चारचाकी कशाला?

नमस्कार श्रोतेहो.

आज बोलायचं आहे ते जवळच्या कामांबद्दल. दळण, दूधडेअरी, बँकेचं पासबुक, पोराची शिकवणी, वावरातली चक्कर. यातलं बहुतेक काम दहा किलोमीटरच्या आतच असतं. पण अंगणात चारचाकी आली की ही सगळी कामं तिच्यावरच जातात. पाच पायली गहू दळून आणायला हजारेक किलोचं लोखंड हलवायचं! इंजिन पुरतं तापत नाही तोच घर येतं, आणि थंड इंजिन पेट्रोल जास्त पितं, धूरही जास्त सोडतं. म्हणून माझं म्हणणं एवढंच, की दहा किलोमीटरच्या आतलं, एकट्याचं काम सायकलवर करा. पाय साथ देत नसतील तर ई-सायकलवर करा, म्हणजे पायडलला बॅटरीवरच्या मोटरची जोड असलेल्या सायकलवर.

आमचे मोठे बाबा दारव्हा तालुक्यात राहतात. वय सत्तरीच्या पुढे. जन्मभर सायकलनं वावरात गेले, हँडलला जेवणाचा डबा, मागं कॅरिअरवर फवारणीचा पंप. मग गुडघे धरले आणि घरात कार आली, दोन्ही एकाच सुमाराला. वावर चार किलोमीटर. भाऊ सकाळी त्यांना कारनं सोडायचा, संध्याकाळी आणायचा. मोठे बाबा दुपट्टा बांधून ओट्यावर बसायचे आणि भाऊची आंघोळ, चहा, फोन उरकायची वाट पाहायचे. ते पाहून मला फार वाईट वाटायचं.

नातवानं ई-सायकल आणली. मोठ्या बाबांनी तिच्याभोवती दोन चकरा मारल्या आणि म्हणाले, "मोटर हाये तं पायडल कायले? अन् पायडल मारा लागते तं मोटर कायले?" झालं. सायकल ढेपेच्या पोत्यांशेजारी पडवीत उभी राहिली.

दिवाळी झाली, कापसाची दुसरी वेचणी सुरू झाली. वेचणीचे पैसे किलोवर, तुम्हाला ठाऊकच आहे. संध्याकाळी आपापला कापूस काट्यावर मोजून घेतल्याशिवाय कोणतीही बाई वावरातून निघत नाही. नेमका त्या दिवशी काटा घरी राहिला. भाऊ कार घेऊन यवतमाळला, नातू फटफटी घेऊन कॉलेजात. वावरातून मोठ्या आईचा फोन, "काटा धाडा लवकर, बाया खोळंबल्या, अंधार पडते." घरी कोण? मोठे बाबा आणि पडवीतली सायकल.

त्यांनी काटा पोत्यात गुंडाळला, सुतळीनं कॅरिअरला आवळला आणि निघाले. पहिलं पायडल मारलं, आणि त्यांच्याच शब्दांत सांगतो, "कोनं मांगून ढकललं म्हून वळून पाह्यलं, तं कोनीच नाही!" नाल्याच्या चढावर पूर्वी ते उतरून सायकल हाती धरायचे. तो चढ बसल्या बसल्या पार झाला. पांदणीनं थेट धुऱ्यापर्यंत. बाया गाठोड्यांवर बसल्या होत्या. त्यांना वाटलं नातूच येऊन राहिला. पाहतात तर बुढा! मोठी आई आधी चिडली, "गुडघे मोडून घ्याचे हायेत का?" मोठे बाबा एक शब्द बोलले नाहीत. काटा बाभळीच्या फांदीला टांगला आणि एकेकीचं गाठोडं मोजत गेले.

शेवटचं गाठोडं उतरलं, तशी त्यातली एक चाळिशीची बाई म्हणाली, "बावाजी, एक चक्कर मारू द्या न." शाळेत असताना चालवलेली सायकल. तिनं पदर खोचला आणि नाल्यापर्यंत जाऊन आली. मग दुसरी बसली, मग तिसरी. अंधार पडते म्हणून खोळंबलेल्या बाया अंधार पडला तरी घरी निघेनात!

मोठ्या बाबांनी पुढं डॉक्टरांना विचारून घेतलं, तुमचे गुडघे दुखत असतील तर तुम्हीही विचारा. आता वावरात ते आपल्या वेळेनं जातात.

त्या बाईवरून एक मनातलं बोलतो. राज्य सरकारच्या मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकली मिळतात, फार चांगलं काम आहे. पण लग्न झालं की तीच मुलगी कुणाच्या तरी गाडीच्या मागच्या सीटवर. लग्नात सोफा येतो, कूलर येतो, आलमारी येते. मुलीची सायकल सासरी का येत नाही? आली पाहिजे.

असो. ई-सायकल घेताना दोन आकडे पाहा. मोटर २५० वॅटच्या आत आणि वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत. पुन्हा सांगतो, २५० वॅट आणि २५ किलोमीटर. एवढं असेल तर नोंदणी नको, लायसन्स नको. दुकानदार मोठी मोटर बसवून देतो म्हणाला, तर ती मोटारवाहन ठरते. ३६ व्होल्टची, साडेसात अँपिअर-तासाची बॅटरी भरायला साधारण एक तृतीयांश युनिट वीज लागते. वर्धा ते सेवाग्राम आठेक किलोमीटर, पायडल मारत गेलात तर पंचवीसेक मिनिटं.

आपल्याकडे पारा ४५ च्या वर जातो. उन्हातून आलेली बॅटरी लगेच चार्जिंगला लावू नका, निवू द्या. आणि हे नीट ऐका. घरात कापूस साठवला असेल तर त्या खोलीत बॅटरी चार्ज करायची नाही. कापसाच्या खोलीत चार्जिंग नाही. सराट्याच्या काट्यांसाठी ट्यूबमध्ये पंक्चररोधक द्रव भरून घ्या. पावसाळ्यात काळी माती मडगार्डमध्ये गच्च बसते, काडीनं काढत राहा.

आता रस्ता. गावोगावी सिमेंटचे रस्ते झाले, पण कित्येक ठिकाणी साइडपट्टी भरलीच नाही. मागून ट्रक आला की सायकलवाल्यानं उतरायचं कुठं? वीतभर खाली? रुंदीकरणात कडुनिंब गेले ते वेगळंच, मे महिन्यात सावली शोधून सापडत नाही. साइडपट्टी मुरुमानं भरून घेणं आणि कडेला कडुनिंब लावणं, हे दोन विषय ग्रामसभेत मांडा. १५ ऑगस्टची आहे, २ ऑक्टोबरची आहे. अर्ज आठ-पंधरा दिवस आधीच ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडे, म्हणजे पूर्वीच्या ग्रामसेवकाकडे द्या, पोच घ्या, आणि बायांनाही सभेला सोबत न्या. नमस्कार.