जॅकेट काढायचं नाही

नमस्कार मंडळी. गाडीत ऐकत असाल तर टर्नपाइकवर लेन सांभाळा, घरी असाल तर कुकरच्या शिट्ट्या तुमच्या तुम्ही मोजा, मी मध्ये थांबणार नाहीये. आज बोलायचंय पुस्तकांबद्दल, वाचायच्या नव्हे, जमवायच्या. हेमिंग्वे, फिट्झजेराल्ड, स्टाइनबेक, टोनी मॉरिसन, ह्या अमेरिकन मंडळींच्या पहिल्या आवृत्त्या, म्हणजे अगदी पहिल्या छपाईतली पुस्तकं, आणि सही केलेल्या प्रती. हे खूळ मला न्यू जर्सीत आल्यावर लागलं, लायब्ररीच्या सेलमध्ये एक डॉलरला पुस्तक मिळायचं तिथून सुरुवात झाली आणि मग एका डॉलरवर काही ते थांबलं नाही.

आधी दोन गोष्टी सांगतो, दोनच, बाकीचं विसरलात तरी चालेल. एक, पुस्तक हातात घेतलं की आधी कॉपीराइटचं पान बघायचं. दोन, पुस्तकावरचं जॅकेट काढायचं नाही. परत सांगतो. आधी कॉपीराइटचं पान, आणि जॅकेट काढायचं नाही.

कॉपीराइटचं पान म्हणजे पुस्तकाच्या नावाच्या पानामागची बाजू. हल्लीच्या पुस्तकांत तिथे खाली आकड्यांची एक ओळ असते, त्यात एक हा आकडा असेल तर पहिली छपाई, आणि एक-दोन-तीन गायब होऊन सगळ्यात लहान चार उरला असेल तर चौथी. सोपंय. पण सगळे प्रकाशक एका सुरात गातील तर ना. रँडम हाऊसवाले कित्येक वर्षं ओळ दोनपासूनच सुरू करायचे आणि सोबत फर्स्ट एडिशन असे शब्द छापायचे, दुसऱ्या छपाईला ते शब्द उडवायचे, म्हणजे तिथे एक शोधत बसलात तर चांगलं पुस्तक आपल्याच हाताने परत ठेवून याल. स्क्रिब्नरवाले 1930 पासून पहिल्या छपाईवर नुसतं इंग्रजी 'ए' हे अक्षर टाकायला लागले. आणि स्टाइनबेकचं 'द ग्रेप्स ऑफ रॉथ', 1939 चं, त्याचे फर्स्ट एडिशन हे शब्द जॅकेटच्या पुढच्या घडीवर खालच्या कोपऱ्यात आहेत.

जॅकेट म्हणजे काय ते सगळ्यांना माहितीये, पुठ्ठ्यावरचं सुटं कागदी कव्हर. ज्या काळात ही पुस्तकं आली तेव्हा लोक ते कागद टाकून द्यायचे, आपण साडीच्या बॉक्सवरचा कागद टाकतो तसे. आता गंमत बघा. फिट्झजेराल्डचं 'द ग्रेट गॅट्सबी', 1925, पहिली छपाई 20,870 प्रती, किंमत दोन डॉलर. आज जॅकेटशिवाय ती प्रत काही हजार डॉलरला मिळते, जॅकेटसकट हवी तर आकडा एक लाख डॉलरच्या पुढे. पुस्तक तेच, छपाई तीच, पानं तीच. फरक त्या एका कागदाचा. बरं त्या जॅकेटची मापं पण चुकलेली, पुस्तकापेक्षा चिमूटभर उंच, त्यामुळे वरची कड फाटायचीच. शिवाय जॅकेटच्या मागच्या मजकुरात 'जे गॅट्सबी' ह्या नावातलं पहिलं इंग्रजी अक्षर 'जे' छोट्या लिपीत पडलं होतं, ते मग शाईने मोठं केलं. आत 205 पानावर पण एक चूक आहे, एका शब्दाचं वाटोळं झालंय, आणि ती चूक असली की गिऱ्हाईक खूश. जगात दुसरा कुठला धंदा आहे का जिथे माल चुकलेला असला की भाव चढतो?

आता जॅकेट काढायचं नाही हे मी एवढं घोकतोय त्याला कारण आहे, आणि ते कारण साताऱ्याला राहतं.

2014 सालची गोष्ट. आई आली होती आमच्याकडे, नेहमीप्रमाणे सहा महिन्यांसाठी. आई प्राथमिक शाळेत शिक्षिका, चौतीस वर्षं नोकरी. त्याच्या थोडं आधी मी कनेटिकटमधल्या एका जुन्या पुस्तकांच्या दुकानातून 'द ओल्ड मॅन अँड द सी' घेतलं होतं, 1952 चं, पहिली छपाई, कॉपीराइटच्या पानावर तो 'ए' आणि खाली स्क्रिब्नरचा शिक्का. निळं कापडी पुस्तक, पुढच्या पुठ्ठ्यावर हेमिंग्वेची सही दाबून उमटवलेली. आता ही सही सगळ्याच प्रतींवर आहे बरं का, साच्याची आहे, ती बघून सही केलेली प्रत मिळाली म्हणून नाचू नका, मी नाचलोय, दुकानदार बिचारा संपेपर्यंत थांबला. जॅकेट वरून जरा फाटकं होतं, पण आतल्या घडीवरची तीन डॉलरची किंमत शाबूत. हे महत्त्वाचं, कारण भेट देताना लोक किंमतीचा कोपरा कापायचे, आपण आहेराच्या डब्यावरची किंमत पेनाने खोडतो ना तसं, आणि कोपरा कापला की भाव पडला. तर एवढं सगळं धड म्हणून मी 400 डॉलर मोजले. बायकोला 40 सांगितले. एक शून्य खाल्लं. ह्या छंदात असलेल्या सगळ्यांनी खाल्लंय, आत्ता ऐकताना मान हलवू नका, शेजारी बायको बसली असेल.

तर जूनचा महिना. जूनमध्ये तिकडे शाळा सुरू होतात आणि आईच्या हाताला खाज सुटते, तिला काहीतरी कव्हर घातल्याशिवाय चैन पडत नाही. बुधवारी संध्याकाळी मी ऑफिसातून आलो, बूट काढले, दिवाणखान्यातल्या शेल्फकडे बघितलं आणि मला पहिल्यांदा कळेचना की हे कोणाचं घर आहे. शेल्फवर तेवीस पुस्तकं, तेवीसच्या तेवीस खाकी. खाकी कव्हर, कोपरे असे घट्ट दुमडलेले की नखाने सुटायचे नाहीत, प्रत्येकावर पांढरं लेबल आणि त्यावर आईचं ते फळ्यावरचं मोत्यासारखं अक्षर. नाव, विषय, अनुक्रमांक.

मी विचारलं, आई, ह्याच्यावरचे कागद कुठायत?

कुठले? ती फाटकी कव्हरं? टाकली की. दिवसभर बसून केलंय, मान मोडून आली माझी. चहा टाकू का?

आमच्याकडे कागदाचं रिसायकलिंग एक आठवड्याआड गुरुवारी पहाटे उचलतात, म्हणजे डबा बुधवारी रात्रीच रस्त्याच्या कडेला. मी मोज्यांवर बाहेर. तिन्हीसांज झालेली, मोबाइलचा टॉर्च तोंडात धरलाय आणि अर्धा माणूस डब्यात. आणि मंडळी, एक सांगून घेतो, तेलकट पिझ्झाचे खोके कागदाच्या डब्यात टाकू नका हो, एवढं मोठं लिहिलेलं असतं त्याच्यावर. त्या खोक्यांखालून एकेक जॅकेट काढत गेलो, शेजारचे आजोबा कुत्रा घेऊन चालले होते, ते थांबले, काय हरवलंय म्हणाले, मी म्हटलं कागद, ते म्हणाले डबा तर कागदाचाच आहे. बावीस मिळाले. बावीस. तेविसावं नाही. आणि ते तेविसावं कुठलं हे तुम्ही ओळखलंच.

घरात आलो तर बायको आणि आई दोघी दारात. माझा आवाज चढला, आईवर आयुष्यात दुसऱ्यांदा चढला असेल, म्हटलं ते निळं कुठाय, चारशे डॉलरचं आहे ते!

आणि मग एकदम शांत. बायको म्हणाली, किती?

आई तोवर हिशेब करत होती, तेव्हा डॉलर साठ रुपयांच्या आसपास होता. चोवीस हजार, म्हणाली. चोवीस हजार दिलेस, आणि फाटकं घेतलंस? चारशे देऊन निदान नवीन तरी घ्यायचंस.

मी खुर्चीत बसलो. मग ती म्हणाली, ते निळं म्हणजे किनाऱ्यावरच्या झोपड्या आणि होड्या होत्या तेच ना? ते नाही टाकलं, त्याचा कागद जरा बरा होता. स्वयंपाकघरात बघ.

स्वयंपाकघरात ओट्याच्या कोपऱ्यात कैरीच्या लोणच्याची बरणी. इंडियन स्टोअरमधून कैऱ्या आणून आदल्याच आठवड्यात घातलेलं, आणि काय त्या कैरीचा भाव हो, सोन्याच्या दुकानात वजन करतात का काय. बरणीखाली जॅकेट. नीट चौकोनी घडी घालून, मागची बाजू वर. मागच्या बाजूला पानभर हेमिंग्वेचा फोटो आहे, आणि बरणीच्या बुडाचं तेल बरोब्बर त्याच्या तोंडाभोवती गोल उमटलेलं. त्या प्रकाशात देवाच्या तसबिरीमागे असते तशी प्रभावळ दिसत होती. आई मागे उभी. म्हणाली, ओटा खराब होऊ नये म्हणून ठेवलं बाबा.

पुढे एकदा शहरात त्या जॅकेटसकट पुस्तक एका दुसऱ्या दुकानदाराकडे घेऊन गेलो, नुसतं विचारायला. म्हातारा, नाकावर चष्मा. त्याने खाकी कव्हर बघितलं, काही बोलला नाही. जॅकेट हातात घेतलं, उजेडात धरलं, मग नाकाला लावलं. ही माणसं वास घेतातच, बुरशी लागलीये का ते कळतं त्याने. पण हा परत परत वास घ्यायला लागला. कसला वास आहे, म्हणाला. हिंग काय असतो ते त्याला समजवायला माझी पाच मिनिटं गेली. मग त्याने 120 डॉलर सांगितले, मी जॅकेट परत घडीत ठेवून घरी घेऊन आलो.

लेबल सांगायचं राहिलंच. आईने बाकीच्या पुस्तकांवर इंग्रजी नावंच देवनागरीत लिहिली होती, पण ह्याचं पहिलं पान तिने वाचलं, म्हातारा, होडी, चौऱ्याऐंशी दिवस मासा नाही, आणि तिला बरोब्बर कळलं की हे आपण वाचलंय. पु. लं.नी केलाय ना ह्याचा अनुवाद, 'एका कोळियाने'. तर लेबलवर नाव, एका कोळियाने, मूळ इंग्रजी. विषय, मासेमारी. अनुक्रमांक 17.

असो. तर जॅकेट काढायचं नाही. कोणालाही काढू द्यायचं नाही. त्याच्यावर मायलरचं पारदर्शक कव्हर मिळतं, ते घालायचं, चिकटपट्टी लावायची नाही, फाटलं असेल तर फाटकंच ठेवायचं. आणि जॅकेटच्या घडीवर किंमत छापलेलीच नाही, वर मागच्या पुठ्ठ्याच्या खालच्या कोपऱ्यात बोट फिरवल्यावर छोटा खळगा लागला, तर ते बहुतेक बुक क्लबचं, जमवणाऱ्याच्या लेखी त्याची किंमत वाचण्यापुरती.

सह्यांबद्दल बोलायचं होतं बरंच, पण घड्याळ दाखवतायत मला इथून, तेव्हा पटकन. नुसती सही वेगळी आणि कोणाच्या तरी नावाने लिहून दिलेली सही वेगळी. ते नाव ओळखीचं असेल, दुसऱ्या लेखकाचं वगैरे, तर सोनं, आणि नाव अमुक काकूंना वाढदिवसानिमित्त असं असेल तर भाव उलट उतरतो. आणि सही माणसाचीच आहे का ते बघा. 2022 च्या नोव्हेंबरमध्ये बॉब डिलनचं पुस्तक आलं, नोबेल मिळालेला माणूस, हाताने सही केलेल्या म्हणून 900 प्रती 599 डॉलरला एक अशा विकल्या, लोकांनी आपापल्या प्रतींचे फोटो शेजारी शेजारी लावले तर सह्या एकीवर एक बसायला लागल्या. ऑटोपेन, म्हणजे मशीनने केलेल्या. प्रकाशकाने पैसे परत केले, डिलननी माफी मागितली. माणसाच्या दोन सह्या कधी तंतोतंत जुळत नाहीत, आपल्या बँकेतल्या बाईंना विचारा.

आणि कॉर्मॅक मॅकार्थी, हेही अमेरिकन कादंबरीकार. त्यांनी 'द रोड'च्या 250 प्रतींवर सह्या केल्या आणि सगळ्याच्या सगळ्या आपल्या मुलाला दिल्या, मोठा झाला की विकेल म्हणून. ते मुलाखतीत सांगायचे, मला विक्रेते कळवतात की आमच्याकडे सही केलेली 'द रोड' आहे, मी सांगतो, नाहीये. तेव्हा कोणी तुम्हाला ती स्वस्तात देत असेल तर त्याला चहा पाजा आणि घरी पाठवा. आणि ती चामड्याची, कडेला सोनेरी मुलामा दिलेली कलेक्टर्स एडिशन्स असतात ना, ती घेऊच नका असं माझं स्पष्ट मत आहे, पुस्तक कमी आणि लग्नाचा अल्बम जास्त. रंगाप्रमाणे पुस्तकं लावणाऱ्यांबद्दलही माझं मत आहे पण ते पुढच्या वेळी.

माझ्या 17 नंबरवर खाकी कव्हर अजून तसंच आहे, जॅकेट वेगळं सपाट ठेवलंय, मायलरमध्ये, आणि पावसाळी दिवशी उघडलं की अजून हिंगाचा वास येतो. आई येत्या मे महिन्यात परत येतेय. तिने फोनवर सांगितलंय की खाकी कागदाचा रोल ती तिकडूनच आणणार, इथला फार पातळ असतो.