वेल्स: मनोरा तोलून धरणारी दगडी कात्री

नमस्कार मंडळी! लंडन बघून झालं, आता इंग्लंडमध्ये अजून कुठे जायचं, असं तुम्ही विचारता. माझं उत्तर ठरलेलं आहे: वेल्स. कार्डिफवाला वेल्स देश नाही हं, सॉमरसेट परगण्यातलं वेल्स गाव. वस्ती जेमतेम दहा-बारा हजार, पण कॅथेड्रलमुळे, म्हणजे बिशपच्या मुख्य चर्चमुळे, शहराचा मान. लंडनच्या पोटातली ‘सिटी’, म्हणजे तिथला जुना गाभा, सोडला, तर इंग्लंडमधलं सगळ्यात छोटं शहर हेच.

कॅथेड्रलचं काम ११७५च्या सुमारास सुरू झालं. समोरच्या भिंतीवर तीनशेच्या आसपास मध्ययुगीन पुतळे अजून उभे आहेत. पण तिथे फोटो काढत रेंगाळू नका, आधी आत चला.

आता स्क्रीनवर बघा. एक कमान, आणि तिच्या डोक्यावर दुसरी, चक्क उलटी! बघताना वाटतं, ही नुकतीच कुणा आधुनिक वास्तुविशारदाने बसवली असेल. पण ही आहे चौदाव्या शतकातली डागडुजी. झालं असं, की मधला मनोरा वाढवून उंच केला. ते ओझं खालच्या जमिनीला पेललं नाही. पाया खचला, तडे गेले, मनोरा कलायला लागला. तेव्हा विल्यम जॉय या मुख्य पाथरवटाने १३३८पासून दहाएक वर्षांत तीन बाजूंना या कात्रीसारख्या कमानी बांधल्या. त्या खांबांना आडवा आधार देतात आणि मनोऱ्याचा भार वाटून घेतात. मनोरा आजही उभा आहे! एवढ्या अडचणीत सापडलेल्या माणसाने नुसता टेकू न लावता इतकं देखणं काम करावं, याचं मला फार अप्रूप वाटतं. वेल्सला जायचं ते मुळात यासाठी.

तिथून डावीकडे वळलात की १३९०च्या सुमाराचं घड्याळ दिसेल. तबकडी चोवीस तासांची, मधोमध पृथ्वी, कारण तेव्हाची समजूतच तशी होती. दर पंधरा मिनिटांनी वर घोडेस्वार फिरतात आणि दर वेळी त्यांतला तोच एक बिचारा आडवा होतो. यंत्राचा मूळ सांगाडा आता लंडनच्या सायन्स म्युझियममध्ये आहे, तबकडी मात्र जुनीच.

चॅप्टर हाउसकडे, म्हणजे कॅथेड्रलच्या धर्मगुरूंच्या सभागृहाकडे, जाणारा जिना चुकवू नका. पायऱ्या इतक्या झिजल्यात की दगडाला लाटा आल्यासारखं दिसतं. वर एकाच खांबातून बत्तीस फासळ्या छतभर पसरल्या आहेत. जिन्याचा दुसरा फाटा पुलावरून व्हिकर्स क्लोजकडे जातो. कॅथेड्रलमध्ये गाणाऱ्यांसाठी चौदाव्या शतकात वसवलेली ही गल्ली. वरच्या टोकाला ती मुद्दाम अरुंद केली आहे, म्हणून खालून आहे त्याहून लांब भासते.

बिशपच्या वाड्याभोवती खंदक आहे. तिथले राजहंस भूक लागली की घंटेची दोरी ओढतात. एकोणिसाव्या शतकात एका बिशपच्या मुलीने त्यांना हे शिकवलं, असं सांगतात. वाड्याच्या आवारातल्या झऱ्यांचं पाणी हाय स्ट्रीटच्या कडेने आजही वाहतं. १४५१मध्ये बिशप बेकिंग्टनने ते गावाला दिलं.

आता कसं जायचं? रेल्वे १९६०च्या दशकातच बंद झाली. बाथ किंवा ब्रिस्टलहून बस पकडा, साधारण तास-सव्वा तास. बाजार बुधवारी आणि शनिवारी भरतो. जमलं तर संध्याकाळची गायन-प्रार्थना ऐका, तिला तिकीट नसतं. फक्त शाळेच्या सुट्ट्यांत गायकवृंद नसतो, आणि परतीची शेवटची बस लवकर सुटते. दोन्ही वेळापत्रकं निघायच्या आधी बघून ठेवा.